जुना गेम देऊन टाकताय? या चुका टाळा

कपाटात पडलेला कॉम्प्युटर गेम कुणाला तरी द्यावा, ही इच्छा चांगलीच. पण लोक डबा देतात, डिस्क देतात, वर प्रेमाने 'मजा कर' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याचा फोन येतो: "गेमची की (डब्यातला कोड) आधीच वापरलेली आहे असं दाखवतंय." हा फोन मला इतक्यांदा आला आहे की आता मी हॅलोच्या आधी विचारतो, "डब्यातला कोड कुणी टाकला होता?"

२००४ साली हाफ-लाइफ २ हा गेम आला तेव्हापासूनच हा प्रकार आहे. डिस्क दुकानातून विकत आणली तरी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर अकाउंट उघडून की टाकल्याशिवाय गेम चालत नसे. की एकदा एका अकाउंटला चिकटली की डिस्क म्हणजे फक्त डाउनलोडचा वेळ वाचवणारी चकती. गेम अनइन्स्टॉल केल्याने की मोकळी होत नाही. लायब्ररीतून (अकाउंटवरच्या गेमच्या यादीतून) गेम कायमचा काढून टाकला तरीही नाही; तुमचा गेम जातो आणि समोरच्याला काहीच मिळत नाही. हे दोन्ही उपाय छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ आहेत आणि लोक ते पाहून गेम काढूनही टाकतात. आधी विचारायला दोन मिनिटं लागली असती, पण घाई!

याहून वाईट चूक म्हणजे अख्खं अकाउंटच देऊन टाकणं. "पासवर्ड देतो ना, झालं!" माझ्या एका मित्राने भाच्याला असंच अकाउंट दिलं. द्यायचा होता एकच गेम, पण पासवर्डाबरोबर बाकीची लायब्ररी, चॅट आणि सेव्ह केलेलं कार्डही गेलं. भाचा नव्या लॅपटॉपवर लॉगिन करायचा तेव्हा कोड मामाच्या फोनवर यायचा. मामा मीटिंगमध्ये, भाचा ताटकळत. मग मामाने फोन बदलला आणि जुना फॉरमॅट करून विकला. लॉगिनचे कोड देणारा ऑथेंटिकेटर त्यातच होता, रिकव्हरी कोड कुठे लिहून ठेवलेला नव्हता. सपोर्टने मालकीचा पुरावा मागितला: पहिल्या गेमची की किंवा ज्या कार्डाने पैसे भरले त्याचे तपशील. कार्ड बंद झालेलं, डबा रद्दीत गेलेला. शेवटी मित्राने खरं काय ते लिहून टाकलं, "अकाउंट मी भाच्याला दिलंय." उत्तर आलं की अकाउंट दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही, सबब मदत करता येणार नाही. मामाचंही गेलं, भाच्याचंही. मित्र अजून कंपनीला शिव्या घालतो. मला मात्र त्यात कंपनीचा दोष फारसा दिसत नाही. ती अट अकाउंट उघडतानाच त्याने 'मान्य' केली होती, न वाचता.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "युरोपात कोर्टाने परवानगी दिलीय." पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीमवरचे गेम पुन्हा विकता यावेत असा निकाल दिला होता, हे खरं. पण २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. अर्धी बातमी वाचून अकाउंट विकायला काढू नका.

घरातल्याच कुणाला गेम खेळायला द्यायचा असेल तर स्टीम फॅमिलीज ही कुटुंबात गेम शेअर करायची सोय वापरा. एका कुटुंबात सहाजण बसतात, प्रत्येकाचं अकाउंट आणि सेव्ह (खेळातली प्रगती) वेगळं राहतं. गेमची एक प्रत असेल तर एका वेळी एकालाच खेळता येतो, आणि काही गेम शेअरच होत नाहीत. मात्र गल्लीतल्या मित्रांना 'कुटुंब' करू नका. बाहेर पडलेल्या माणसाला, तो सामील झाला त्या दिवसापासून वर्ष उलटेपर्यंत दुसऱ्या कुटुंबात जाता येत नाही. शिवाय तुमच्या प्रतीवर कुणी चीटिंग केली तर बॅन तुम्हालाही बसू शकतो. चीट वापरणाऱ्या पोराला मी तरी माझ्या लायब्ररीच्या जवळ फिरकू देणार नाही.

गिफ्ट घेऊन ठेवू आणि पुढे कुणाला तरी देऊ, हा बेत स्टीमवर २०१७ पासून चालत नाही. गिफ्ट थेट मित्राच्या अकाउंटला पाठवावं लागतं.

जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन गेम-दुकानावरच्या गेमचा इन्स्टॉलर कुठल्याही मशीनवर चालतो, म्हणून तो वाटायची मुभा आहे असं नाही.

खऱ्या अर्थाने देता येते ती न वापरलेली की. बंडलमध्ये, म्हणजे एकत्र विकत घेतलेल्या गेमच्या संचात, एखादा गेम दुसऱ्यांदा आला की लोक सवयीने 'रिडीम' (की अकाउंटला जोडणारं बटण) दाबतात. मी दाबत नाही. आधी लायब्ररीत शोधतो, असेल तर की वहीत लिहून ठेवतो आणि विक्रेत्याच्या अटी पाहून कुणाला तरी देतो. कीला मुदत किंवा प्रदेशाचं बंधन आहे का, तेही देण्याआधी बघा. आणि रिकामे डबे संग्रहासाठी द्यायचे असतील तर मार्करने ठळक लिहा: 'की वापरलेली'. आतल्या कागदावर नाही, बाहेर, डब्यावर.