सामुद्रधुनी, जलसंधी, स्ट्रेट: सीमाभागातल्या नव्या परीक्षार्थींसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमातली मुलं स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागली की भूगोलात आधी अडतात ती नावांपाशी. शाळेत ‘सामुद्रधुनी’ (दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची अरुंद पट्टी) पाठ केलेली असते. कर्नाटक लोकसेवा आयोगाचा पेपर कन्नड आणि इंग्रजीत असतो, तिथे ती ‘जलसंधी’ किंवा ‘स्ट्रेट’ होऊन येते. हिंदी पेपरात ‘जलडमरूमध्य’. ‘संयोगभूमी’ (दोन भूभागांना जोडणारी जमिनीची अरुंद पट्टी) कन्नडमध्ये ‘भूसंधी’, इंग्रजीत ‘इस्थमस’. वहीच्या पहिल्याच पानावर हे शब्द शेजारी शेजारी लिहा.

घाईत फसवतो तो ‘संधी’ हा शेवट, कारण तो दोन्ही कन्नड शब्दांना आहे. म्हणून शब्दाचा पहिला भाग वाचा: अरुंद काय आहे, पाणी की जमीन? हिंदीतलं डमरू इथे फार कामी येतं. डमरूची कंबर पाण्याची असेल तर सामुद्रधुनी, जमिनीची असेल तर संयोगभूमी. कन्नडमधला ‘कोल्ली’ वेगळाच घोळ घालतो. बंगालचा उपसागरही कोल्ली आणि मन्नारचं आखातही कोल्लीच, त्यामुळे त्या शब्दावरून उपसागर की आखात हे ठरवायला जाऊ नका.

पाठांतर करताना नुसतं नाव आणि देश लिहिणं अपुरं पडतं. प्रत्येक सामुद्रधुनीसाठी चार गोष्टी लिहा: कुठली दोन पाणी जोडली, कुठल्या दोन जमिनी तोडल्या. होर्मुझ: पर्शियन आखात आणि ओमानचं आखात जोडलं, इराण आणि ओमान तोडले. बाब-एल-मांदेब: तांबडा समुद्र आणि एडनचं आखात, एका बाजूला येमेन, दुसऱ्या बाजूला जिबूती व इरिट्रिया. या दोघींची अदलाबदल सर्वांत जास्त होते, म्हणून अरबस्तानचा नकाशा हाताने काढून दोन्ही एकाच चित्रात दाखवा. बॉस्पोरस काळ्या समुद्राला (ब्लॅक सी) मार्मारा समुद्राशी जोडते, दार्दानेल्स मार्माराला एजियन समुद्राशी. ब्लॅकचा ब, बॉस्पोरसचा ब.

संयोगभूमीचं गणित उलटं: दोन जमिनी जोडते, दोन पाणी अडवते. दोन शेततळ्यांमधला बांध डोळ्यांसमोर आणा. तो फोडला की कालवा. सुएझचा बांध 1869 मध्ये खुला झाला. लांबी सुमारे 193 किलोमीटर, पाणी समुद्रपातळीवर, जलपाश (पाण्याची पातळी बदलून जहाज वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे) नाहीत. पनामा 1914 चा, सुमारे 82 किलोमीटर. तिथे जहाज जलपाशांतून सुमारे 26 मीटर वर, गातून नावाच्या सरोवरात चढवतात आणि पलीकडे उतरवतात. पनामात दिशाही चकवते. अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना जहाज पश्चिमेला जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ते आग्नेयेकडे जातं, कारण तिथे संयोगभूमीच पूर्व-पश्चिम आडवी पडली आहे. हा प्रश्न नकाशा न पाहता सुटत नाही.

‘खाडी’ शब्द जपून वापरा. आपल्याकडे खाडी म्हणजे भरतीचं पाणी आत शिरतं ते नदीचं मुख, जसं कारवारला काळी नदीचं. जुन्या पुस्तकांतली ‘इंग्लिश खाडी’ मात्र चॅनेल, म्हणजे दोन जमिनींमधला रुंद सागरी पट्टा आहे, आणि तिचा सर्वांत अरुंद भाग म्हणजे डोव्हरची सामुद्रधुनी. दहा अंश चॅनेल अंदमान आणि निकोबारच्या मध्ये. नऊ अंश मिनिकॉय आणि उरलेल्या लक्षद्वीपच्या मध्ये. आठ अंश मिनिकॉय आणि मालदीवच्या मध्ये. आकडा अक्षांशाचा आहे, त्यामुळे दक्षिणेकडे तो कमी होतो.

सरावासाठी जवळचं उदाहरण घ्या. खानापूरच्या भीमगड भागातून निघालेली म्हादई गोव्यात मांडवी होते. कुंभारजुवे कालवा मांडवीला जुवारीशी जोडतो, त्यामुळे तिसवाडी चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली आहे. पाणी अरुंद, दोन्हीकडे जमीन, तरी ही सामुद्रधुनी नाही: तिच्या टोकांना समुद्र नाहीत, नद्या आहेत. हा फरक आधी कोऱ्या नकाशावर दाखवा, मग मलाक्का, जिब्राल्टर, बेरिंग आणि पाल्क त्याच चार खणांत भरा.