नाकाचे कॉस्मेटिक ऑपरेशन: घरी आल्यावर या चुका टाळा

राइनोप्लास्टीत टेबलावरचे काम दोन-तीन तासांत संपते. बहुतेक गडबडी पुढच्या सहा आठवड्यांत घरी होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच टाळता येतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक तंबाखूची. सिगारेट सोडली, पण सकाळची मिश्री चालूच राहिली, असे होऊ देऊ नका. निकोटिन धुरातून येवो की हिरड्यांतून, त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. नाकाच्या टोकावरच्या कातडीला रक्त कमी पडते, जखम काळी पडू शकते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे तंबाखू, गुटखा, मिश्री पूर्ण बंद.

दुसरी चूक आपल्या शहराच्या सवयीची. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. पाणी आले की भरलेली बादली उचलायला हात आपोआप पुढे जातो. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. वाकून ती उचलताना डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि सुकत आलेली जखम पुन्हा वाहू लागते. तीन-चार आठवडे हे काम दुसऱ्याने करावे. साठवलेले पाणी नाकात थेट घालू नका. सर्जननी सलाइनने धुवायला सांगितले असेल, तर पाणी उकळून गार केलेलेच हवे. पाव लिटरला अर्धा चमचा आयोडीन नसलेले मीठ पुरते. पहिल्या आठवड्यांत जोराची पिचकारी नको, हलका स्प्रे बरा.

नाक चोंदते ते आतल्या सुजेमुळे आणि खपल्यांमुळे. म्हणून शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्या. नाक मोकळे करणारे थेंब सर्जननी सांगितले तेवढेच दिवस घाला. सलग आठवडाभर वापरले की थेंब थांबवताच नाक आणखी चोंदते. दुखल्यावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्त वाहण्याचा धोका वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

कडक भाकरी दहा दिवस बाजूला ठेवा. जोर लावून चावताना वरचा ओठ ओढला जातो, आणि ओपन पद्धतीत, म्हणजे बाहेरून छेद देऊन केलेल्या ऑपरेशनात, टाके नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर असतात. भाकरी आमटीत चुरून खाल्ली तर चालते.

झोप पाठीवर, डोके 30 ते 45 अंश उंच. बर्फाची पिशवी पहिले 48 तास गालांवर आणि डोळ्यांखाली धरा, नाकावर कधीच नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळिशीपार जातो, त्या उष्णतेने सूज परत चढते. ऑपरेशनची तारीख हिवाळ्यात घेतली तर बरे, फक्त मग जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत धक्का बसेल तिथे जाऊ नका. चष्मा आणि नाकावर घासणारे हेल्मेट सहा आठवडे नको, कारण तोवर हाडे नीट जुळलेली नसतात.

पुण्या-मुंबईत ऑपरेशन केले असेल, तर लगेच अडीचशे-चारशे किलोमीटरचा प्रवास करू नका. रक्तस्राव व्हायचाच तर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतो. साधारण सातव्या दिवशी स्प्लिंट, म्हणजे नाकावरचा आधाराचा साचा, काढायला जायचेच असते.

थोडा गुलाबी स्राव चालतो. पण गॉज पुन्हा पुन्हा लालभडक भिजू लागला किंवा घशात ताजे रक्त उतरत राहिले, तर पुढे वाकून बसा, रक्त गिळू नका आणि लगेच फोन करा. दोन्ही नाकपुड्या अचानक बंद, वाढते ठणकणे आणि ताप, हे त्याहून गंभीर. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साचलेले असू शकते. ते लवकर काढले नाही तर कूर्चा, म्हणजे नाकातले मऊ हाड, मरते आणि नाकाचा कणा खाली बसतो. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

उरते ती घाई. दुसऱ्या आठवड्यात आरशात टोक जाड दिसले की मन खट्टू होते. ती सूज असते. कातडी जाड असेल तर टोक उतरायला वर्षही लागते, म्हणून दुरुस्तीचा विचार वर्षाच्या आत सहसा करत नाहीत. जवळून काढलेली सेल्फीही फसवते, त्यात नाक मोठेच दिसते. महिन्यातून एकदा, पाच फुटांवरून, त्याच खिडकीच्या उजेडात फोटो काढा आणि तेच जोडून पाहा. घरात लग्न असेल, तर दाबाची नथ घालण्याआधी सर्जनना विचारा.