सभागृह भरते, पण समुदाय वाढत नाही? मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रादेशिक उपक्रमांत या चुका टाळा

कार्यक्रमाला ८० जण आले आणि दोन महिन्यांनी त्यांतला एकही फिरकला नाही, तर दोष सहसा प्रसिद्धीचा नसतो. माणसे आलीच होती. परत यायला त्यांना कारणही मिळाले नाही आणि जागाही. म्हणून आयोजनाची सुरुवात उलट टोकाकडून करा. कार्यक्रमानंतर १५ दिवसांच्या आत दुसरी भेट कुठे, किती वाजता आणि कोणत्या कामासाठी, हे सगळ्यात आधी ठरवा. ते ठरत नसेल तर मोठा कार्यक्रम पुढे ढकललेला बरा.

दिवसभर भाषणे ठेवणे

सलग सात-आठ भाषणे ऐकून माणूस दमतो, शिकत मात्र फारसे नाही. सकाळी ४० मिनिटांचे एक सत्र पुरते. उरलेला दिवस हाताने काम करण्याचा असावा.

त्या एका सत्रात शब्द जपून वापरा. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दामुळे होणारा घोळ मराठीत मुळात नाही, कारण आपल्याकडे 'मुक्त' वेगळे आणि 'मोफत' वेगळे. तरीही पत्रकावर 'मोफत सॉफ्टवेअर' छापून तो घोळ आपणच ओढवून घेतो. मग पैसे न देता मिळणारे बंदिस्त अ‍ॅप आणि आपले काम यांत फरक काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्तच असतो. वापरण्याचे, अभ्यासून बदलण्याचे, प्रती वाटण्याचे आणि सुधारलेली आवृत्ती वाटण्याचे अशी चारही स्वातंत्र्ये सांगा. त्यांतले एक तरी करून दाखवा. एखाद्या छोट्या प्रोग्रामच्या मेनूतला शब्द स्रोतात, म्हणजे मूळ कोडमध्ये, बदलायचा, त्या कोडपासून प्रोग्राम पुन्हा तयार (बिल्ड) करायचा आणि बदललेला मेनू पडद्यावर आणायचा. हे पाच-दहा मिनिटांत होते आणि तासाभराच्या तत्त्वचर्चेपेक्षा जास्त पटते.

बॅकअपशिवाय इन्स्टॉल फेस्ट

इन्स्टॉल फेस्टमध्ये पाहुण्यांच्या लॅपटॉपवर लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली बसवून देतात. लॅटिन अमेरिकेत 'फ्लिसोल' हा अशा इन्स्टॉलेशनचा उत्सव २००५ पासून एप्रिल महिन्यात अनेक शहरांत एकाच वेळी होतो. हा प्रकार चालतो, यात शंका नाही. पण सगळ्यात मोठे नुकसानही इथेच होते. एका पाहुण्याचे फोटो किंवा प्रबंध गेला, की त्याच्या ओळखीतले कोणीही पुन्हा येत नाही. नेहमी अडणाऱ्या जागा या:

*लॅपटॉप अचानक ४८ अंकी किल्ली मागतो.* विंडोजची डिस्क बिटलॉकर या तिच्यातल्याच सोयीने कूटबद्ध असते आणि मालकाला ते बहुधा ठाऊक नसते. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सेटिंग) बंद केले किंवा बूटचा क्रम बदलला, की रिकव्हरी किल्लीची मागणी येऊ शकते. यावर उपाय कार्यक्रमाआधीचाच आहे. नोंदणी करतानाच ही किल्ली शोधून कागदावर लिहून आणायला सांगा. किल्ली नसेल तर त्या यंत्राला हात लावू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रणाली चालवून दाखवा.

*इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.* इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपवर बहुतेकदा आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत चालू असते. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ते बदलून एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत लावता येते, पण थेट बदलले तर विंडोज सुरूच होत नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज करा, मग सेटिंग बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि त्यानंतर नेहमीच्या मोडवर या.

*विंडोजचे पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येते.* याचे नेहमीचे कारण म्हणजे फास्ट स्टार्टअप. 'शट डाउन' म्हटले तरी विंडोज अर्धवट झोपलेलेच असते. हा पर्याय बंद करून मगच पुढे जा. पार्टिशन लहान करायचे तेही विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधून.

*वायफाय चालत नाही.* वायफायच्या चिपला लागणारे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) बहुधा मुक्त नसते, म्हणून डेबियन या लिनक्स प्रणालीच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये ते नसायचे. जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येते. ही सोय वापरा, पण या यंत्रातला कोणता भाग अजून मुक्त नाही हे पाहुण्याला स्पष्ट सांगा. हे लपवले तर ज्या विचारासाठी त्याला बोलावले तोच अर्धवट पोहोचतो.

एका मदतनीसाकडे एका वेळी तीनच यंत्रे द्या. प्रत्येक यंत्राला तासभर धरा. शेवटचे इन्स्टॉलेशन कार्यक्रम संपण्याच्या दोन तास आधी सुरू झालेले असावे, त्यानंतर नवे घेऊ नका. अर्धवट लॅपटॉप घेऊन कुणी घरी जाता कामा नये.

नेटवर्कवर भिस्त ठेवणे

हिशोब साधा आहे. ३० जणांनी प्रत्येकी ५०० एमबी उतरवायचे म्हणजे १५ जीबी. ५० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने मिळाली तरी ४० मिनिटे जातात, आणि पूर्ण वेग कधीच मिळत नाही. शिवाय एका साध्या राउटरवर ३० लॅपटॉप आणि ३० फोन जोडले, की तो गुदमरतो.

इन्स्टॉलेशनच्या आयएसओ फाइली आदल्या दिवशीच उतरवून त्यांचे चेकसम (फाइल अखंड उतरली का हे सांगणारी खूण) तपासा. एकाच पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हे साधन टाकून त्यात तीन-चार आयएसओ ठेवता येतात; असे सहा-सात पेनड्राइव्ह तयार ठेवा. डेबियन किंवा उबंटूची पॅकेजे लागणार असतील तर एका लॅपटॉपवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी हा पॅकेजे साठवून ठेवणारा प्रोग्राम चालवा. पहिल्याने उतरवलेले पॅकेज मग बाकीच्यांना स्थानिक नेटवर्कवरूनच मिळते. त्याचा पोर्ट ३१४२ असतो. त्या लॅपटॉपची फायरवॉल तो अडवत नाही ना, हे पाहा. एखाद्या प्रकल्पाची मोठी रिपॉझिटरी (कोडचा साठा) घ्यायची असेल तर पूर्ण इतिहास न घेता फक्त शेवटची स्थिती क्लोन करा. वीज हा मुद्दा दोन ओळींचा, पण त्यावरून दिवस फुकट जातो: टेबलागणिक एक एक्स्टेन्शन बोर्ड, आणि सगळे बोर्ड एकाच सॉकेटला जोडायचे नाहीत.

योगदानासाठी लागणारी ऑनलाइन खाती उघडण्याचे काम घरूनच करून यायला सांगा. एकाच आयपी पत्त्यावरून भराभर नवी खाती निघाली, की पुष्कळ सेवा ती अडवतात.

टी-शर्टसाठी योगदान

हॅक्टोबरफेस्ट हा मुक्त प्रकल्पांना योगदान द्यायला उत्तेजन देणारा ऑक्टोबर महिन्यातला ऑनलाइन उपक्रम. २०२० मध्ये तिथे ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलीत एखादे विशेषण घुसवून पाठवलेल्या निरर्थक बदलांचा पूर आला आणि देखभाल करणारे स्वयंसेवक वैतागले. महिना सुरू असतानाच आयोजकांना नियम बदलून, स्वतःहून सहभागी होणाऱ्या प्रकल्पांपुरतीच गणना ठेवावी लागली. प्रादेशिक पातळीवर हीच चूक छोट्या रूपात होते: 'प्रत्येकाने आज एक पुल रिक्वेस्ट पाठवायचीच'.

त्यापेक्षा दोन आठवडे आधी दोन-तीन प्रकल्पांच्या देखभालकर्त्यांशी बोला. त्या दिवशी कोणी तपासायला हजर असेल का, हे विचारा. नसेल तर तो प्रकल्प यादीतून काढा. नवख्याने पाठवलेला बदल तीन आठवडे उत्तराविना पडून राहिला, तर तो माणूस गेलाच म्हणून समजा. बग पुन्हा घडवून पाहणे, दस्तऐवजातली चुकलेली पायरी सुधारणे, जुना अहवाल नव्या आवृत्तीवर तपासणे ही कामे लहान असली तरी खरी आहेत.

भाषांतराचा धडाका

कोड न येणाऱ्यालाही भाषांतर करता येते, म्हणून ते हमखास निवडले जाते. दिवसाअखेरी हजार वाक्ये होतात आणि एका खिडकीत 'फाइल', दुसरीत 'धारिका', तिसरीत 'संचिका' दिसते. आधी १०० शब्दांची संज्ञायादी पक्की करा, मग सुरुवात. टक्का-चिन्हाने सुरू होणाऱ्या जागा (तिथे प्रोग्राम नाव किंवा आकडा भरतो) आणि शॉर्टकट दाखवणारी चिन्हे जशीच्या तशी ठेवायची, हे फळ्यावर लिहा. ती बिघडली तर चुकीचा मजकूर दिसतो, कधी प्रोग्राम कोसळतोही. वेबलेट या भाषांतराच्या ऑनलाइन साधनातल्या तपासण्या अशा चुका दाखवतात, त्या डावलू नका. पाच भाषांतरकारांमागे एक तपासनीस हवा. तारीख निवडताना प्रकल्पाचे वेळापत्रक पाहा: प्रकाशनाआधी मजकूर गोठवला जातो, म्हणजे मूळ वाक्ये बदलणे थांबते, तो काळ भाषांतराला सर्वांत चांगला.

सगळ्या किल्ल्या एकाच खिशात

डोमेन एकाच्या नावावर, संपर्कगटाचा अ‍ॅडमिन तोच, पैसेही त्याच्याच खात्यात. माणूस प्रामाणिक असला तरी तो नोकरीनिमित्त दूर गेला की गट अडतो. किमान तिघांकडे अधिकार द्या आणि जमाखर्च सर्वांना दिसेल असा ठेवा. संवादाची जागाही आपल्या हाताबाहेर जाऊ शकते: मे २०२१ मध्ये मुक्त प्रकल्पांच्या ऑनलाइन गप्पांचे नेटवर्क असलेल्या फ्रीनोडच्या बहुतेक स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट हे नवे नेटवर्क उभारले आणि अनेक प्रकल्पांना आपल्या वाहिन्या हलवाव्या लागल्या. सदस्यांच्या संमतीने घेतलेली संपर्कयादी अशा वेळी स्वतःकडे असावी लागते.

मोठ्या शहरातून जाऊन भाषण देऊन येणे

छोट्या गावात पाहुणे येतात, बोलतात, निघून जातात. मागे काही उरत नाही. तिथला एक यजमान आधी शोधा, त्याला तुमच्या कार्यक्रमात मदतनीस म्हणून काम करू द्या, मग त्याच्या गावी तीन तासांची भेट ठेवा. १५ जण पुष्कळ झाले. पेनड्राइव्ह, संज्ञायादी आणि तपासयादी त्याच्याकडेच सोडून या.

हजेरीचा आकडा अहवालात पहिल्या ओळीत घालू नका. ३० आणि ९० दिवसांनी तीनच गोष्टी मोजा: दुसऱ्या भेटीला कितीजण आले, कितीजणांचा बदल प्रकल्पात स्वीकारला गेला, आणि पुढचा कार्यक्रम नव्या माणसाने घेतला का. तिसऱ्याचे उत्तर सलग दोनदा 'नाही' आले, तर पुढच्या भेटीचे सूत्रसंचालन, नोंदणी आणि खरेदी ही तीन कामे तीन नव्या सदस्यांना नावानिशी द्या आणि जुन्या आयोजकांना फक्त मदतीला ठेवा.