उभ्या पिकअपची बॅटरी उतरते तेव्हा
रात्री उभी केलेली पिकअप सकाळी सुरू होत नसेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी वीज कुठे गळते ते शोधावे. किल्ली व दिवे बंद करून बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडवावी आणि टोक व वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर (वीजप्रवाह मोजणारे उपकरण) १० अँपिअरच्या खाचेतून जोडावा. तो जोडलेला असताना स्टार्टर मुळीच मारू नये, मीटरचा फ्यूज उडतो. गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग शांत होण्यास अर्धा तास लागू शकतो, त्याआधीचा आकडा खरा मानू नये. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सहसा चालतो. अर्धा अँपिअर मात्र ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी करतो. मग एकेक फ्यूज काढावा आणि ज्या फ्यूजसरशी आकडा झपकन खाली येतो, त्याच्यावरची उपकरणे तपासावीत. माझा पहिला संशय बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमवर किंवा हौद्यातील दिव्यावर असतो, कारण त्यांची वायर पुष्कळदा थेट बॅटरीवरून घेतलेली असते. ती किल्लीच्या सर्किटवर घ्यावी. कोणत्याही फ्यूजने फरक पडला नाही, तर बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, जाड वायर काढावी, तिचे टोक चिकटपट्टीने झाकावे आणि पुन्हा मोजावे. आता आकडा उतरला, तर अल्टरनेटरच्या आतील डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गेलेला असतो.