फ्री ट्रायल लावताना या चुका टाळा

महिन्याच्या वर्गणीला सात दिवसांचं फ्री ट्रायल लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे असं नवी पोरं बेधडक सांगतात. वडोदऱ्यातल्या क्लासवाल्यांच्या साइटी माझ्याकडे येतात त्या हे अर्ध्या तासाचं काम अंगाशी आल्यावर.

सगळ्यात महाग चूक म्हणजे ट्रायल कधी संपणार हे फक्त आपल्या डेटाबेसमध्ये लिहिणं आणि पेमेंट गेटवेला, म्हणजे ग्राहकाचे पैसे कापणाऱ्या सेवेला, न कळवणं. दांडिया बाजारातल्या एका गायनवर्गाचं हेच झालं. पानावर मोठ्या अक्षरांत ‘पहिले सात दिवस मोफत’. डेव्हलपरने कुठूनतरी उचललेल्या कोडमध्ये सबस्क्रिप्शन सुरू होण्याची तारीखच नव्हती. ती नसली की मंजुरी मिळताच सबस्क्रिप्शन चालू होतं. पालकांनी यूपीआय पिन टाकला आणि पूर्ण महिन्याची फी त्याच क्षणी कापली गेली. “ताई, मोफत म्हणाला होतात ना?” असे फोन बाईंना दिवसभर. परतावे दिले, पण काही मुलं परत आली नाहीत.

तारीख घातल्यावर दुसरं निघालं. साइट भारतीय वेळेने रात्री बाराला दार बंद करत होती आणि गेटवेला गेलेली वेळ होती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र, म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. पाचच्या रियाजाला बसणाऱ्यांना ‘मुदत संपली’ दिसायचं. त्यांनी काय चूक केली होती?

रेझरपे आणि स्ट्राइप हे असे दोन गेटवे. रेझरपेत ही तारीख ‘स्टार्ट_अ‍ॅट’मध्ये जाते, स्ट्राइपमध्ये ‘ट्रायल_एंड’मध्ये. दोन्हीकडे युनिक्स टाइमस्टॅम्प, म्हणजे १९७०च्या सुरुवातीपासून मोजलेला वेळ, तोही सेकंदांत. जावास्क्रिप्ट मिलिसेकंद देते, हजाराने भागायला विसरू नका. मी कोडला हात लावण्याआधी कागदावर तीन गोष्टींची वेळ लिहितो: ट्रायल सुरू, पैसे कापण्याची आगाऊ सूचना, पहिली कपात. तिन्ही भारतीय वेळेत. तो कागद ग्राहकाला दाखवल्याशिवाय पुढे जात नाही.

ही आगाऊ सूचना रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कपातीच्या निदान २४ तास आधी जावी लागते. म्हणून एका दिवसाचं ट्रायल मला मुळीच पटत नाही. माणसाने क्लास पाहण्याआधीच त्याला कपातीचा मेसेज पोचतो.

मँडेटची, म्हणजे ग्राहकाने आपोआप कपातीला दिलेल्या परवानगीची, मर्यादा ४९९ रुपये ठेवून १८ टक्के जीएसटीसकट ५८८.८२ मागितले की पहिलीच कपात नापास. मर्यादा करासकट ठेवा.

वार्षिक प्लॅन १५,००० रुपयांच्या वर असेल तर ओटीपीशिवाय तो आपोआप कापला जाईल असं धरून चालू नका.

ग्राहक आपल्या यूपीआय अ‍ॅपमधून ऑटोपे थेट बंद करू शकतो. वेबहुक, म्हणजे गेटवे तुमच्या साइटला आपोआप पाठवतो तो निरोप, ऐकत नसाल तर तुमची साइट त्याला महिनोन्‌महिने सभासद समजत राहते. प्रवेशही ‘धन्यवाद’ पान उघडलं म्हणून देऊ नका, वेबहुक आल्यावर द्या.

आता ज्यावर माझे क्लासवाल्यांशी वाद होतात ते. “आधी कार्ड घ्या, लोक विसरतात, पैसे येत राहतात,” असा सल्ला त्यांना कुणीतरी दिलेला असतो. ३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत याला सबस्क्रिप्शन ट्रॅप म्हटलंय: रद्द करणं किचकट करणं, फुकट सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने घेणं. नियम नसता तरी मी ते लावून दिलं नसतं. विसराळूपणावर उभी केलेली कमाई मला नको वाटते. मी ट्रायल मँडेटशिवाय देतो, पाचव्या दिवशी विचारतो. आकडा कमी येतो, पण आलेला माणूस जाणूनबुजून आलेला असतो. रद्द करण्याचं बटण खात्याच्या पहिल्याच पानावर ठेवतो.

आणि गेटवेच्या टेस्ट मोडवर, म्हणजे खोट्या पैशांच्या चाचणीवर, विसंबून साइट सुरू करू नका. मी खऱ्या खात्यावर दहा रुपयांचा प्लॅन बनवतो, दोन दिवसांचं ट्रायल लावतो, स्वतःच्या यूपीआयने भरतो आणि कपात होईपर्यंत थांबतो. “आजच लाइव्ह करा ना” म्हणणाऱ्यालाही तेवढं थांबवतो.