टू-डी इकोत कोरोनरी कुठून निघते ते कसं बघायचं

पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा, ग्राउंडवर धावताना छातीत दुखलं नायतर चक्कर येऊन पडला म्हणून पाठवलाय, असा पेशंट आला की ईएफ (हृदयाचं पंपिंग) ६० टक्के, व्हॉल्व्ह ठीक, नॉर्मल असं लिहून मोकळं होऊ नका. दोन्ही कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या) एओर्टाच्या, म्हणजे मुख्य धमनीच्या, मुळाशी असलेल्या कुठल्या सायनसमधून (फुगवट्यातून) निघतायत ते बघितल्याशिवाय त्याला टेबलावरून उठवू नका. परळला लहान मुलांचे इको करता करता मला ही सवय लागली.

छातीच्या हाडालगतच्या आडव्या छेदात, म्हणजे पॅरास्टर्नल शॉर्ट अ‍ॅक्सिसमध्ये एओर्टिक व्हॉल्व्ह आणा, मग किंचित वर सरका. स्क्रीनवर घड्याळ आहे असं धरा, डावी साधारण ४ वाजता निघते, उजवी १० ते ११ च्या मध्ये. डावी लांब उघडत नसेल तर प्रोब हलकेच क्लॉकवाइज फिरवा. डेप्थ कमी, सेक्टर अरुंद.

फसगत होते ती इथे. नुसत्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर जाऊ नका, भिंतीत ड्रॉपआउट झाला (चित्रात खोटी फट पडली) की तिथून कोरोनरी निघतेय असंच वाटतं, आणि डावीकडचा ट्रान्सव्हर्स सायनस (हृदयाच्या आवरणातली फट) तर हुबेहूब कोरोनरीसारखा दिसतो. म्हणून कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा मोड) लावा आणि वेगाचं स्केल २० ते ४० सेंमी प्रति सेकंदावर आणा, नेहमीच्या स्केलवर हा फ्लो दिसतच नाही. डायस्टोलीत (हृदय सैल पडतं तेव्हा) रंग सायनसमधून बाहेर पडताना दिसला पाहिजे. एओर्टा आणि पल्मनरीच्या (फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या) मध्ये, एओर्टाच्या पुढच्या भिंतीतच रंगाची बारीक रेघ दिसली तर थांबा, कोरोनरी उलट्या सायनसमधून निघून भिंतीतून चाललेली असू शकते. डावी उजव्या सायनसमधून निघून दोघांच्या मधून जात असेल तर ते सगळ्यात धोक्याचं.

तान्ह्या बाळाचं वेगळं. दूध पिताना घामाघूम होतं, एलव्ही (हृदयाचा डावा खालचा कप्पा) फुगलेलं, मायट्रल लीक, आणि पटकन कार्डिओमायोपथी (हृदयाच्या स्नायूचा आजार) लिहिलं जातं. अशा वेळी डावी पल्मनरीतून निघत नाही ना ते बघाच, १९३३ साली ब्लँड, व्हाइट आणि गार्लंडनी वर्णन केलेला आजार तो हाच. उजवी कोरोनरी जाड दिसते, एलएडीत (डाव्या कोरोनरीच्या पुढच्या फांदीत) एरवी प्रोबकडे येणारा लाल फ्लो उलटा निळा दिसतो आणि डायस्टोलीत पल्मनरीत रंगाची धार येते. वेळेत ऑपरेशन झालं तर हे हार्ट खूप सुधारतं, म्हणून चुकायला नको वाटतं.

उगम दिसलाच नाही तर रिपोर्टमध्ये 'दिसला नाही' असंच लिहा, सीटी कोरोनरी अँजिओ सुचवा, आणि तोपर्यंत पोराचं धावणं बंद ठेवायला घरच्यांना तोंडी सांगा, रिपोर्ट कुणी वाचत बसत नाही.