आधी हायड्रोजन मोजा, मग हायड्रोकार्बनची रचना काढा

हायड्रोकार्बन म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन यांचं संयुग. ऑक्सिजनचा एक अणू शिरला तरी ते हायड्रोकार्बन राहत नाही. म्हणून इथेन यात मोडतो, इथेनॉल नाही. रेणुसूत्र मिळालं की लगेच रेघा ओढायला बसू नका. आधी हायड्रोजन मोजा, निम्मं काम तिथेच होतं.

कार्बनची संख्या दुप्पट करून त्यात २ मिळवा. प्रत्येक कार्बनला चारच बंध असल्यामुळे याहून जास्त हायड्रोजन मावतच नाहीत. ५ कार्बनना १२. सूत्रातही १२ असतील तर तो अल्केन, म्हणजे संपृक्त, सगळे बंध एकेरी. २ कमी असतील तर एक दुहेरी बंध किंवा एक वलय, म्हणजे टोकं जुळून बंद झालेली कार्बनची साखळी. ४ कमी असतील तर एक तिहेरी बंध, किंवा दुहेरी बंध आणि वलयं मिळून दोन. हायड्रोजनची संख्या विषम आली तर मोजणी पुन्हा करा. हायड्रोकार्बनच्या रेणूत ती नेहमी सम असते.

सर्वात जास्त विसर पडतो तो वलयाचा. ५ कार्बन, १० हायड्रोजन दिसले की पेंटीन (एक दुहेरी बंध असलेली साखळी) लिहून मोकळे होतात, पण सायक्लोपेंटेनचं (५ कार्बनचं वलय) सूत्रही तेच आहे. निवाडा ब्रोमीनच्या पाण्याने होतो. परीक्षानळीत २ मिली द्रव घ्या, तेवढंच ब्रोमीनचं पाणी घाला, बूच लावून हलवा. पेंटीन असेल तर नारिंगी रंग नाहीसा होतो. सायक्लोपेंटेन असेल तर खालचं पाणी फिकं पडतं खरं, पण रंग वरच्या थरात जाऊन बसलेला असतो. इथेच डोळे फसतात, म्हणून दोन्ही थर बघा. नळी उन्हात धरू नका. तीव्र प्रकाशात संपृक्त संयुगही ब्रोमीनशी अभिक्रिया करतं. ब्रोमीनची वाफ घातक असते, तेव्हा काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच, हातमोजे आणि चष्मा घालून.

बेंझीनमध्ये ६ कार्बन, ६ हायड्रोजन. म्हणजे ८ कमी. एक वलय, तीन दुहेरी बंध. तरीही तो ब्रोमीनच्या पाण्याचा रंग घालवत नाही, कारण ते इलेक्ट्रॉन एकेका बंधात अडकलेले नसून सगळ्या वलयावर पसरलेले असतात.

नाव देताना सर्वात लांब साखळी शोधा, मग ती कागदावर वाकडी का असेना. सरळ रेषेत ४ कार्बन, दुसऱ्यावर खाली लोंबणारा इथाइल गट, म्हणजे २ कार्बनची फांदी: याला २-इथाइलब्युटेन म्हणणं चूक. बोट इथाइलच्या टोकापासून वर आणि मग लांबच्या बाजूला फिरवा, ५ कार्बन भरतात. ते ३-मिथाइलपेंटेन आहे.

वाकडी काढलेली साखळी म्हणजे नवा समघटक (तेच रेणुसूत्र, पण अणूंची जोडणी वेगळी) नव्हे. पेंटेनचे समघटक तीनच: सरळ साखळीचा ३६ अंश सेल्सिअसला उकळतो, एका फांदीचा २८ ला, दोन फांद्यांचा साडेनऊच्या आसपास. फांद्या वाढल्या की रेणू गोळीसारखा आटोपशीर होतो, शेजाऱ्याला कमी टेकतो आणि सहज सुटतो.